टाकीतल्या पिल्लांचा आहार

१२ जून. आजपासून बेडूकपालन. भाताची लावणी उरकेपर्यंत टाकीत बेडूक दिसले नाहीत तर बँकॉकच्या कारखान्यात परत जायचं, असं बायकोने, बुआलायने, बजावलंय. दिसतील. पिल्लं सोडली, काळी, शेपटीवाली. घरजावई असलो तरी सासरची, थायलंडच्या ईशान्येकडल्या इसानची, ही बोली शिकणार नाही. माझी शहरी भाषा बिघडते.

१४ जून. पिल्लं टाकीच्या कडेचं शेवाळ खरवडून खातात. सात्त्विक जीव. मीही आजपासून मिताहार.

संध्याकाळी सासूबाईंनी केळीच्या पानात वाफवलेलं काहीतरी वाढलं. इकडे त्याला 'हुअक' म्हणतात. बारके मासे असावेत. एक काटा नाही. तीन पुड्या खाल्ल्या. मिताहार सोमवारपासून.

१९ जून. शेवाळ संपलं. अंड्याचा बलक कुस्करून टाकला. झुंबड. पिल्लं गुबगुबीत. सासूबाई टाकीत डोकावून म्हणाल्या, जावईबापू, हाताला गुण आहे तुमच्या, संध्याकाळी हुअक काढू का? म्हटलं, विचारता काय, रोज काढा. मोठ्यांचं मन मोडू नये.

२५ जून. टाकीत गर्दी कमी. फोनवर वाचलं, भुकेली पिल्लं एकमेकांना खातात. बुआलायला समजावलं. ती म्हणाली, मग आईला हुअक काढू नको म्हणून सांग की. म्हटलं, माझ्या ताटावर डोळा ठेवू नकोस. विज्ञान तिच्या डोक्यावरून जातं.

१ जुलै. बलक दुप्पट. अजून कमी झाली, पण उरलेली टपोरी. दुबळी गेली, बरंच झालं. हुअकही हल्ली टपोरे. सासूबाईंनी मासेवाला बदलला असावा.

८ जुलै. पिल्लांना मागचे पाय फुटले. जिंकलो. लावणी अजून चालू आहे.

९ जुलै. टाकी रिकामी. सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, अहो, काल शेवटचे काढले, तुम्हीच म्हणालात ना रोज काढा म्हणून. हुअक म्हणजे बेडकाची पिल्लं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे म्हणे. बुआलाय म्हणाली, मला वाटलं तू खायलाच पाळतोयस, बेडकांचं नुसतं नाव. मी म्हटलं, अर्थात मला माहीत होतं.

१२ जुलै. बँकॉकची बस. लावणी उरकली. बस सुटेपर्यंत बुआलाय फाट्यावर उभी होती. फार वाईट वाटलं. सासूबाईंनी वाटेत खायला पुडी दिलीय, शेवटच्या घाण्यातली, निखाऱ्यावर सुकवून ठेवलेली. उघडली. सगळ्यांना मागचे पाय आहेत. म्हणजे माझी पद्धत बरोबर होती.

खाल्ले. मीठ जरा कमी होतं.