डुलणारं बदक

मंगळवार, ९ तारीख

दादा,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर टाळत होते. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण वेळ होता. परवा तर अख्खी दुपार खिडकीत बसून समोरच्या शिंप्याचं आणि त्याच्या बायकोचं भांडण ऐकत काढली. एका कात्रीवरून पेटलं होतं. चांगलं रंगलं.

मी बरी आहे. मागचं गाव सोडलं, त्याच्या मागचंही. इथे एका बाईंच्या कारखान्यात लेथवर खुळखुळे बनवते. कारखाना म्हणजे खाली दोन खोल्या आणि भुसा, वर माझी खोली. बाई प्रत्येक नमुना आधी स्वतः चावून बघतात. म्हणतात, "पोरं खेळणं हातात कमी आणि तोंडात जास्त धरतात, मग तोंडालाच विचारायचं." मागे माझ्या खुळखुळ्याची कड त्यांच्या हिरडीला लागली. "घास परत," म्हणाल्या आणि चूळ भरून कामाला लागल्या. चूक काढतात, पण आधी चावून बघतात. मला बरं वाटतं इथे.

वहिनीला आठवण सांग. छोटीला आता दात आले असतील.

तर तुझं काम. तू बनवलेली डुलणारी लाकडी बदकं उड्या मारतात, पोरांनी दोरी ओढली की तोंडावर आपटतात, दुकानदार माल परत पाठवतोय, म्हणून "चाकांचं तू काय केलं होतंस ते कळव." बस, एवढंच. जसं काही मी मिठाचा डबा कुठे ठेवला ते विचारतोयस.

विसरला असशील तर सांगते. चाकांची भोकं मी मुद्दाम मधोमध पाडली नव्हती. बदक डुलत चालावं म्हणून. छोटीपुढे ओढून बघितलं, तर ती रांगता रांगता थांबली आणि खदखदून हसली. आणि तू दुकानदारासमोर चाक उचलून दाखवलंस. "बघा, आमच्या बाईसाहेबांना साधा मध्य सापडत नाही!" तो हसला, तूही हसलास. मी सांगायला लागले तर तू लेथ चालू केलास. मग एकेका भोकात खुंटी ठोकून बुजवलंस आणि बरोब्बर मध्यावर नवीन पाडलंस. सगळ्या चाकांना. माझ्यादेखत.

छोटीकडे तेवढं एक माझ्या चाकांचं बदक राहून गेलं होतं. पुढे दुकानदाराला तेच आवडलं म्हणे. तू त्याला काय म्हणालास, तेही वहिनीने फोनवर सांगितलं. "बरेच दिवस माझ्या डोक्यात होतं." डोक्यात होतं ना? मग डोक्यातूनच काढ की.

नाही कळवणार. त्या दुकानदाराला समोर उभं करून सांग, बदक कुणाचं. मग बघू.

बाबांबद्दल तू एक ओळ लिहिली नाहीस. मीही विचारणार नव्हते.

खरं सांगू? तुझा राग तेवढा नाही. तू असाच आहेस, लहानपणापासून. पण बाबा तिथेच होते. कोपऱ्यात बसून बदकाच्या चोचीला पॉलिश पेपर मारत होते. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः ते ओढून बघितलं होतं, दोनदा. भोक चुकलेलं नाही, हे त्या कारखान्यात मी सोडून एकाच माणसाला ठाऊक होतं. त्यांनी मान वर केली, तुझ्याकडे बघितलं आणि परत चोच घासायला लागले. घासून गुळगुळीत झालेली चोच. मी पिशवी भरली तेव्हाही हात थांबला नाही त्यांचा.

थांब जरा. खालून बाई ओरडतायत. "अगं ए, कुणी म्हातारे गृहस्थ आलेत, तुझे वडील म्हणतात. सोडू का वर?"

गल्लीच्या टोकापलीकडे एकटे न जाणारे बाबा. वाकून बघितलं, तर खरंच तेच आहेत. भुशात उभे राहून माझा खुळखुळा कानाशी हलवतायत.

आता जिना चढतायत, थांबत थांबत. तू पाठवलंस की आपण होऊन आले, कळत नाही. विचारायची भीती वाटते. तू पाठवलं असशील, तर हे माझं शेवटचं पत्र. आणि तुला न सांगता आले असतील, तर त्यांची वाट बघू नकोस.

बाबांची धाकटी