सेल लागेपर्यंत

लालबाग,
९ सप्टेंबर २०२५

ती. शेवंतीताईस,
आनंदाचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र विसर्जनाच्या गडबडीत आलं, आज निवांत वाचलं. गुडघ्याचे टाके निघाले हे बरं झालं. डॉक्टर जिना उतरू नकोस म्हणालेत तर खरंच उतरू नकोस. ठाकूरद्वारचा भाजीवाला तुझ्याशी भांडल्याशिवायही जगेल. फोनवर तुला ऐकू येत नाही, कानातलं मशीन शिट्टी मारतं, म्हणून या वयात मला पुन्हा शुद्दलेखन करावं लागतंय. मागच्या वेळेसारखं माझंच पत्र लाल शाईने तपासून परत पाठवू नकोस. बकुळा पोट धरून हसत होती. नवऱ्याची फजिती झाली की बायकांना काय मिळतं कोण जाणे.

गणपतीत आमच्याकडचे रस्ते बंद, त्यामुळे टॅक्सी उभीच होती. कालपासून शाळेची फेरी सुरू झाली. तीच तीन मुलं, सकाळी लालबागहून दादरला सोडायची आणि मग दिवसभर गिऱ्हाईक. धाकटी मागच्या सीटवरून मला पाढे विचारते. सतराच्या पाढ्याला मी हॉर्न वाजवतो.

आता मुद्दा. परळच्या पुलाखाली एका स्कूटरवाल्याने माझा आरसा तोडला आणि वर माझ्यावरच ओरडला. बघ्यांनी त्याचीच बाजू घेतली. तेव्हापासून प्राचीने डॅशकॅमचा धोशा लावलाय. पुढच्या काचेला आतून चिकटवायचा कॅमेरा, गाडी चालू असेपर्यंत समोरचं सगळं टिपत राहतो. तिला तर दोन तोंडांचा हवा, एक रस्त्याकडे आणि एक आत. मी म्हटलं, माझं थोबाड कशाला टिपायचं, चूक करणारे बाहेर असतात. नवरात्रात सेल लागतो, तेव्हा हाच कॅमेरा पुष्कळ स्वस्त मिळेल असं माझं म्हणणं. लेक म्हणते आजच घ्या. बकुळा म्हणते, दोघं गप्प बसा. तू काय म्हणतेस ते कळव, म्हणजे घरातली कटकट संपेल.

बाकी ठीक. काल पिंप भरताना डोळ्यांपुढे एकदम अंधार आला आणि खालीच बसलो. मिरवणुकीचं जागरण, दुसरं काय.

राग धर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा,
आनंदा

ठाकूरद्वार,
१२ सप्टेंबर २०२५

चि. आनंदास,
अनेक आशीर्वाद.

चुका मोजल्या, सांगत नाही. जन्म शिकवण्यात गेला आणि सख्ख्या भावाने ‘शुद्धलेखन’च अशुद्ध लिहावं, हे माझं नशीब.

कॅमेऱ्याचं म्हणशील तर प्राचीचं पटतं. अंगावर आलं की बोलायला साक्षीदार हवा, आणि आपल्याकडे बघे पुष्कळ, साक्षीदार नाहीत. पण नवरात्र येऊनच ठेपलंय, तर थांब. आरसा तुटून झालाच आहे. एवढ्या दिवसांत काय आभाळ कोसळणार आहे? मात्र घेशील तेव्हा चांगला घे. स्वस्त मिळाला म्हणून फालतू उचलून आणू नकोस, पंख्याच्या वेळी तेच केलंस.

डोळ्यांपुढे अंधार आला तो जागरणाचा असेलही. तरी एकदा डॉक्टरांना दाखव. बाबाही असेच बसायचे आणि पित्त म्हणायचे. तुला टाळाटाळ त्यांच्याकडूनच मिळाली आहे.

बकुळेला सांग, अळूवड्या कोणाच्या तरी हाती पाठव. घरात बसून तोंडाची चव गेली.

सर्वांवर माझा जीव आहे, तुमचाही असू द्या.

तुझी,
ताई

लालबाग,
१६ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
प्राचीचा सा. न. वि. वि.

आधी एक वाच आणि मग पुढे जा. बाबा घरी आहेत, चालतायत, बोलतायत. कपाळाला खोक पडली आहे, एवढंच.

काल मुलांना दादरला सोडून ते शिवडीच्या गोदामांकडे गिऱ्हाईक घ्यायला निघाले होते. तिथल्या सिग्नलला एक मोटरसायकल त्यांच्या गाडीवर आली. चालवणारे चिंतामणी नावाचे, गोदीत कामाला आहेत. त्यांचा पाय मांडीपासून मोडलाय. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात आहेत, आज ऑपरेशन होतं. मी पोचले तेव्हा रस्त्यावर त्यांची एक चप्पल पडली होती आणि तिच्या बाजूने गाड्या जात होत्या. ती चप्पल डोळ्यांपुढून हलत नाही.

बाबा ठामपणे सांगतात की आपला सिग्नल हिरवा होता आणि हा माणूस उलट्या बाजूने आला. पोलिसांनाही त्यांनी तसाच जबाब दिलाय. चिंतामणींनी स्ट्रेचरवरून नेमकं उलटं सांगितलं, वर असंही म्हणाले की टॅक्सीवाला मान टाकून बसला होता. बाबांना दारू प्यायलात का विचारलं गेलं, फुंकर मारायला लावली. आत्या, आपल्या बाबांना. त्यात काही निघालं नाही, पण घरी आल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून बसलेत. मध्येच म्हणाले, चार पैशांसाठी सेलची वाट बघत बसलो, आता माझा शब्द कोण धरणार. आई देवापुढे बसून एकच बोलत्येय, देवा म्हाराजा, ह्यां काय झालां.

त्या चौकात कोणाचा तरी कॅमेरा असेलच. उद्या जाऊन शोधते.

तुझी आठवण येते. तुला हाक मारता आली असती तर बरं झालं असतं.

तुझी,
प्राची

ठाकूरद्वार,
१८ सप्टेंबर २०२५

चि. आनंदास,
अनेक आशीर्वाद.

प्राचीचं पत्र वाचलं. जिना उतरायला निघाले होते, शेजारच्या दीपिकाने दार लावून घेतलं आणि मला खुर्चीत बसवलं. आभाळ कोसळणार आहे का, असं मीच लिहून पाठवलं होतं. लिहिताना हात का झडला नाही?

तू खचू नकोस. लहानपणापासून तू खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे, तुझा शब्द मला पुरे आहे. उलट दिशेने गाडी घालायची, दुसऱ्यावर ढकलायचं आणि वर मान टाकून बसला होता म्हणायचं, काय हा निर्लज्जपणा! त्या माणसाचा पाय बरा होवो, पण त्याची जीभ आधी ताळ्यावर येवो. प्राची कॅमेरा शोधते आहे ते उत्तम. खरं काय ते एकदा सगळ्यांना दिसू दे.

खोक दुखत असेल. हळदीचं दूध घे आणि भिंतीकडे बघणं सोड.

मी आहे. हे विसरलास तर मी रागावेन.

तुझी,
ताई

लालबाग,
२० सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कॅमेरा मिळाला. न मिळता तर बरं, असं काल दिवसभर वाटत होतं आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती.

सिग्नलजवळच्या चहावाल्याने सांगितलं की त्या वेळी बाबांच्या मागे गोदामातल्या देवदत्त नावाच्या कारकुनांची गाडी होती आणि तिला कॅमेरा आहे. मी गोदामात जाऊन त्यांना भेटले. पोलिसांच्या फेऱ्या नकोत म्हणून ते त्या दिवशी थांबले नव्हते. माझं नाव कुठे घेऊ नका म्हणाले आणि व्हिडिओ मोबाईलवर पाठवला. मी आभार मानले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, घरी जाऊन बघा, एकट्याने बघू नका. मला वाटलं, अपघात भयंकर दिसत असेल म्हणून म्हणतायत. घरी येऊन मी बाबांना आणि आईला बोलावलं. मोठ्या हौसेने बोलावलं, आत्या. आता सुटलो आपण, असं ओरडतच घरात शिरले होते.

सिग्नल लाल आहे. शेजारचा टेम्पो थांबतो. बाबांची गाडी थांबत नाही. मागचे ब्रेकचे दिवे लागतच नाहीत. मागच्या काचेतून बाबांचं डोकं दिसतं, ते हळूहळू एका बाजूला कलतं आणि दिसेनासं होतं. गाडी आपोआप सरकत राहते, जशी कोणी ढकलून सोडून दिली आहे. चिंतामणी आपल्या हिरव्या सिग्नलवर, आपल्या बाजूने येतात. मग ते उडतात. गाडी दुभाजकाला जाऊन थांबते. थोड्या वेळाने बाबांचं डोकं वर येतं, ते दार उघडून उतरतात आणि रस्त्यावर पडलेल्या माणसावर ओरडायला लागतात.

बाबा म्हणाले ही माझी गाडी नव्हे. मी पुन्हा लावला. त्यांनी नंबर प्लेट मोठ्याने वाचली. एक एक आकडा वाचला, चष्मा पुसून परत वाचला. त्यांना यातलं काहीच आठवत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे अजून हिरवा सिग्नलच आहे, तो बहुतेक आधीच्या चौकातला असावा. ते खोटं बोलत नव्हते, आत्या. त्यांचे कान लाल नव्हते. मग त्यांनी मला विचारलं की मुलं कुठे उतरली होती. मी म्हटलं, दादरला, शाळेच्या दारात, तुम्हीच सोडलंत. ते म्हणाले, हो, पण किती आधी. आणि उठून मोरीत जाऊन ओकले.

आई म्हणते डिलीट कर. देवदत्त बोलणार नाहीत, आपण बोलायचं नाही, माणूस म्हणून नको, बाप म्हणून तरी वाचव. ती रडत होती. मी मोबाईल उशीखाली ठेवून झोपते. काय करू ते लिही. लवकर लिही.

तुझी,
प्राची

ठाकूरद्वार,
२२ सप्टेंबर २०२५

चि. प्राचीस,
आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे, अक्षर लावून वाच. हे पत्र दीपिका स्वतः येऊन देईल.

पोलीस नंतर. पत्र हातात पडल्याबरोबर आनंदाला हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि तोच व्हिडिओ त्यांना दाखव. पिंप भरताना अंधार आला होता हेही सांग, त्याने मला लिहिलं होतं. आमचे बाबा, तुझे आजोबा, असेच बसता बसता एका सकाळी उठले नाहीत. आम्ही सगळे पित्त पित्त करत राहिलो. गाडीची किल्ली तुझ्याकडे घे. रागावला तर माझं नाव सांग.

व्हिडिओ पुसू नकोस. द्यायचा की नाही हे तुझ्या आईने ठरवायचं नाही, तू नाही आणि मीही नाही. आनंदाला बरं वाटलं की त्याच्या हातात मोबाईल दे. ज्याचा जबाब, त्याचा निर्णय.

चिंतामणींच्या जिभेबद्दल मी जे लिहिलं ते तू वाचलंच असशील. मला अन्न गोड लागत नाही.

बाळ, तू एकटी नाहीस.

तुझी,
आत्या

लालबाग,
९ ऑक्टोबर २०२५

ती. शेवंतीताईस,
आनंदाचा शि. सा. नमस्कार.

दसरा हॉस्पिटलात गेला, म्हणून सोनं या पत्रातून पाठवतो. पान वाळलंय, चालवून घे.

छातीला वायरी लावून एक दिवस ठेवलं आणि त्यातच सापडलं. माझं हृदय मध्येच थांबतं, ताई. थोडा वेळ थांबतं आणि आपलं आपण परत चालू होतं, जसं काही झालंच नाही. डॉक्टर म्हणाले, एखाद दिवशी चालू झालं नसतं. आता गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर बसवलाय. हात वर करायचा नाही. गाडी डॉक्टर हो म्हणतील तेव्हा, आणि शाळेची मुलं कधीच नाही. तिन्ही घरी मी स्वतः जाऊन सांगितलं. धाकटीच्या आईने ऐकून घेतलं आणि दार लावलं. आतून तिचा रडण्याचा आवाज आला. मी जिन्यातच उभा राहिलो.

सेल आला आणि गेला. प्राचीने विचारलं, घ्यायचा का. मी म्हटलं, गाडी ज्याच्या हाती देऊ त्याच्यासाठी घे, आणि दोन तोंडांचाच घे. मला सारखं वाटतं, तेव्हाच घेतला असता तरी एकाच तोंडाचा घेतला असता आणि बाहेरचे आरसे तोडणारेच बघत बसलो असतो.

जबाब बदलला. प्राची सोबत होती, बकुळा आली नाही. साहेबांनी दोनदा विचारलं की कोणी दबाव आणलाय का. म्हटलं नाही, मी पाहिलंय. केस माझ्यावर येईल, येऊ दे. डॉक्टरांचे कागद आहेत, वकील म्हणतात कोर्ट विचार करील. देवदत्तांचं नाव आम्ही घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन चौकीत गेले.

मग चिंतामणींकडे गेलो. बकुळा तेव्हा निघाली, अळूवड्यांचा डबा घेऊन. वॉर्डच्या दारात मात्र तिने माझा हात असा धरला की नखं रुतली. चिंतामणींच्या बायकोने मला ओळखलं. पलंगाच्या आड उभी राहिली आणि म्हणाली, पुढे येऊ नका. रस्त्यावर माझा नवरा पडलेला असताना तुम्ही त्याला शिव्या घालत होतात, असं अख्खी शिवडी सांगते. पाठ केलेलं सगळं विसरलो. मोबाईल तिच्या हातात दिला आणि म्हटलं, हे पोलिसांना दिलंय, तुमचे मिस्टर खरं बोलत होते, माझं हृदय मध्येच थांबलं होतं. तिने बघितलं आणि किंचाळली. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. नवरा उडताना तिने पहिल्यांदाच पाहिला, हे मला तेव्हा कळलं. ताई, घाईत मी हाही विचार केला नव्हता.

चिंतामणींनी मोबाईल मागितला. पाय वर बांधलेला, मानेखाली उशी. त्यांनी एकदा पाहिला, परत लावला आणि माझं डोकं कलतं तिथे बोटाने थांबवला. मला वाटलं आता हा माणूस माझ्या तोंडावर थुंकेल. ते म्हणाले, मी रोज सांगत होतो, मान टाकलीय त्याने, मेलाय तो, कोणीतरी बघा. सगळे म्हणाले, डोक्याला मार बसलाय म्हणून बडबडतोय. मलाही वाटायला लागलं होतं की मला भास झाला.

बायकोला त्यांनी सांगितलं की स्टूल दे त्यांना. तिने दिलं नाही. तेव्हा त्यांनी दुसरा पाय आखडून घेतला आणि पलंगाच्या कडेला हात ठेवून मला विचारलं, आता कसं वाटतंय छातीत? मी तिथे बसलो, ताई.

तुझा लोभ आजवर न मागता मिळाला, आज मागतो आहे.

तुझा,
आनंदा