उतारावरच्या घराचा पाहणी अहवाल

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (खरा साष्टांग घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील, म्हणून तो कागदावरच मानून घे.) आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे आजारी नाही, बाकी जे काही आहोत ते पुढे कळेलच. तुझी झोप कशी आहे, रक्तदाबाची नवी गोळी मानवली का, खालच्या मजल्यावरचे गृहस्थ अजून पहाटे व्हायोलिन शिकतात का, हे सविस्तर कळव. फोन का नाही केला असं विचारशील. फोनवर तू दुसऱ्या वाक्यालाच "मुद्द्याचं बोल" म्हणतेस, आणि असं म्हटलं की मला मुद्दाच आठवत नाही. पत्राला मध्येच तोडता येत नाही. हे पत्र मी साडेबाराच्या बसच्या ड्रायव्हरकडे देणार आहे. त्याचा डेपो तुझ्या घरासमोरच आहे, तेव्हा संध्याकाळपर्यंत ते तुझ्या हातात पडेल. आज मंगळवार. वार लक्षात ठेव, कारण शुक्रवारी सकाळी अकरा वाजता एक तर आम्ही घरमालक होऊ, नाही तर जन्मभर भाडेकरू.

डोंगराच्या पायथ्याशी एखादं परवडणारं घर घ्यायचं आमच्या मनात आहे, हे मागे तुझ्या कानावर घातलं होतं. माझ्या नोकरीची दोन वर्षं उरलीत, आणि शहरात आमच्या ऐपतीत फक्त गाडी ठेवायची जागा बसते, तीही आमच्याकडे गाडी नसताना. म्हणून गेले चार महिने दर सुट्टीला आम्ही या गावात येतो आणि दलालाच्या मागून चढ चढतो. परवडणारं घर ही काय चीज असते ते मला आता नीट कळलंय. एक घर परवडणारं होतं, कारण त्याची एक भिंत शेजाऱ्याची होती आणि तो ती परत मागत होता. दुसरं फारच परवडणारं होतं, पण तिथवर रस्ता नव्हता. (दलाल म्हणाला, रस्ता मंजूर आहे. कधी मंजूर झाला, असं विचारल्यावर त्याने सांगितलेलं साल माझ्या मुंजीच्या आधीचं होतं.) अशी अकरा घरं झाली. रविवारी बारावं दाखवलं आणि तुझी भावजय, जी सहसा कशालाच चांगलं म्हणत नाही, ती फाटकाशीच थांबून म्हणाली, "हे." एवढंच. लग्नानंतर तिने इतक्या ठामपणे कशाकडे बोट दाखवल्याचं मला स्मरत नाही.

घर उतारावर आहे. वर दोन खोल्या, खाली एक मोठी खोली आणि स्वयंपाकघर, पत्र्याचं छप्पर, मागे पाण्याची दगडी टाकी. मालकीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना नुसतं बाई म्हणतं आणि त्या समोरून आल्या की पन्नाशीची माणसंही विडी मागे लपवतात. डोळ्यांना कमी दिसायला लागलंय म्हणून त्या मुलीकडे राहायला जाणार आहेत. किंमत आमच्या आवाक्यात, तीच त्यांनी सगळ्यांना सांगितलेली, आणि त्यात एक पैसाही कमी-जास्त होणार नाही. आमच्या पुढे रांगेत एकच माणूस: एक दंतवैद्य.

हा दंतवैद्य काल, सोमवारी सकाळी, आम्ही घर पुन्हा पाहत असतानाच मापाची फीत घेऊन आला. सुट्टीत येऊन राहायला त्याला जागा हवी आहे. तो थेट गॅलरीत गेला, घराकडे पाठ करून उभा राहिला आणि दरीकडे बघत दहा मिनिटं "काय दृश्य आहे, काय दृश्य आहे" करत राहिला. मग इथली भिंत पाडून काच लावू म्हणाला आणि मापं घ्यायला लागला. तुझ्या भावजयीने काय करावं? ती खिडकीखालच्या खुर्चीत जाऊन बसली. त्याने अदबीने जरा सरकायला सांगितलं. ही म्हणाली, पायात गोळा आलाय. अर्धा तास तो गोळा उतरला नाही. तेवढी एक भिंत त्याला मोजता आली नाही. बाकी सगळं घर त्याने मोजून घेतलं. जाताना त्याने माझ्या पाठीवर हात ठेवून माझ्या दाढेची चौकशी केली. मी काही बोललो नव्हतो. माझा चेहराच तसा झाला असावा.

आता माझ्याकडून काय झालं ते. ते वाचून हसू नकोस, निदान पहिल्यांदा वाचताना तरी. तुला ठाऊक आहे, मी तीस वर्षं विमा कंपनीसाठी पडकी, जळकी, भिजकी घरं तपासत आलोय. घरात शिरलो की माझा हात आपोआप खिशातल्या अहवाल-पुस्तकाकडे जातो. दंतवैद्य मापं घेत होता, ही भिंत राखून बसली होती, आणि मी नुसताच उभा होतो. जीव रमवायला मी पुस्तक काढलं आणि लिहीत सुटलो. उत्तरेच्या भिंतीस कमरेपर्यंत ओल आढळून आली. न्हाणीघराचे दार फुगले असून खांद्याचा वापर केल्याशिवाय लागत नाही. जिन्याची चौथी पायरी हलते. पन्हळीत रोपटे उगवले असून त्यास फूल आले आहे. असे तेवीस दोष झाले. शेवटी सही, तारीख. आणि मग तीस वर्षांच्या शिस्तीने कार्बनखालची प्रत फाडून, घडी घालून, टेबलावर बाईंच्या चष्म्याखाली ठेवली. एक प्रत घरमालकास देणे बंधनकारक आहे ना. हे लक्षात आलं तेव्हा आम्ही लॉजवर पोचून चहाचा दुसरा कप घेत होतो.

हिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "दंतवैद्याने निदान दृश्याची स्तुती तरी केली." रात्रभर मी मनातल्या मनात माफीचे मसुदे केले. (त्यातला एकही "आढळून आले" शिवाय पूर्ण होत नव्हता.) आज सकाळी दलालाचा निरोप आला: बाईंनी नऊ वाजता आम्हा दोघांनाही बोलावलंय. दलाल आमच्याबरोबर फाटकापर्यंत आला आणि तिथेच त्याला दुसरं काम आठवलं.

बाईंनी आम्हाला समोर बसवलं. टेबलावर माझा अहवाल होता, लाल शाईने रंगलेला. एकोणीस बरोबर, चार चूक, आठ सुटले. पायरी चौथी नव्हे, पाचवी. पायऱ्या जमिनीपासून मोजाव्यात. ओल कमरेपर्यंत खरी, पण कुणाच्या कमरेपर्यंत ते लिहावे. फुलाचे नाव दिलेले नाही. सुटलेले आठ दोष त्यांनी मला काठी टेकत टेकत स्वतः फिरून दाखवले, आणि प्रत्येक ठिकाणी "हे कसं दिसलं नाही तुम्हाला?" असं विचारलं. ताई, पगार घेऊन काम करतोय त्याला तीस वर्षं झाली; इतकं लाजिरवाणं मला कधी झालं नव्हतं. पण आठवा दोष दाखवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्या दाताच्या डॉक्टरला घरात एकही खोड दिसली नाही. ज्याला खोड दिसत नाही तो दुरुस्त काय करणार?" हिने टेबलाखालून माझा गुडघा इतका घट्ट धरला की अजून दुखतोय.

मग त्या आम्हाला मागच्या टाकीपाशी घेऊन गेल्या. या उंचीवर नळाचं पाणी चढत नाही. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपाने बाईंच्या टाकीत येतं आणि तिथून खालच्या दोन घरांना जातं. एकात शिंपी राहतो, दुसऱ्यात अंथरुणाला खिळलेली आई आणि तिची नर्स मुलगी. रोज सकाळी सहा वाजता टाकीची चावी फिरवावी लागते. दोन दिवस फिरवली नाही तर पाइपात गाळ बसतो आणि खालची दोन्ही घरं कोरडी पडतात. बाईंनी चावी एकतीस वर्षं फिरवली आहे. सुट्टीपुरत्या येणाऱ्या माणसाला त्या घर देणार नाहीत, मग तो कितीही पैसे देवो. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमची नोकरी दोन वर्षं आहे म्हणालात. मग बारा महिने इथे राहणार कोण?"

हिने माझ्याकडे पाहिलं, मी हिच्याकडे. मी उत्तर दिलं. बाईंनी ते ऐकून घेतलं, एक उलटप्रश्न विचारला, त्याचंही मी उत्तर दिलं, आणि त्यांनी शुक्रवारी अकराला नोंदणी कचेरीत यायला सांगितलं. दंतवैद्याला त्यांनी "थांबा" असं कळवलंय. "नाही" असं अजून कळवलेलं नाही.

बारा वाजून गेले. ड्रायव्हर जेवून हात धुतोय, तेव्हा आवरतं घेतो. गोळ्या वेळेवर घे. व्हायोलिनवाल्यांना माझा नमस्कार सांग, म्हणजे तेवढा वेळ तरी ते थांबतील.

तुझा धाकटा

ता. क. मी काय उत्तर दिलं ते लिहायचं राहिलं. मी म्हणालो, माझी मोठी बहीण राहील, ती तशीही पाचला उठते. त्यावर बाईंनी विचारलं, "त्या तयार आहेत?" मी हो म्हणालो. हे खोटं आहे हे मला मान्य आहे. सही करण्याआधी त्यांना तुला प्रत्यक्ष बघायचंय. गुरुवारी सकाळी सातची बस याच ड्रायव्हरची आहे. डावीकडची खिडकी त्याने तुझ्यासाठी धरून ठेवायचं कबूल केलंय.

ता. क. दुसरा. तुझ्यावर कसलीही जबरदस्ती नाही. खालची मोठी खोली तुझी, दोन वर्षांनी आम्हीही येऊच. पण नाहीच म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. फक्त ते इथे येऊन बाईंना तूच सांग. माझी छाती होत नाही.

ता. क. तिसरा. वन्सं, नमस्कार. हे पाकिटाला डिंक शोधायला गेलेत म्हणून मी लिहिते. टाकीपाशी यांना एकदम सुचलं वगैरे काही नाही. दोन वर्षं तुम्हाला आमच्याकडे या म्हणून विचारायचं यांच्या मनात आहे. दर रविवारी फोन लावतात, तिकडे पाऊस आहे का विचारतात आणि ठेवून देतात. शुक्रवारी घर मिळालं तर चांगलंच, नाही मिळालं तर तेरावं बघू, पण तुम्ही या. छोटी बॅग मात्र आणू नका. ती बघून बाई तुम्हाला पाहुणी समजतील, आणि मीही.