साबणाची रेघ

मस्कत, रविवार

तीर्थरूप बाबांना सुरभीचा नमस्कार.

मी बरी आहे. शिवणाच्या दुकानात एसी आहे, खोली साफ आहे. आईले सांगा, तुरीची दाळ इथंही भेटते.

दुकानाचा मालक अरब, संगच्या दोघीतली एक तुर्कस्तानची, एक फिलिपिन्सची. काल मी साबण मागितला, तं तिघायलेही लगेच समजला. दोघं साबून म्हणतात, तिसरी साबोन. मालक म्हणे, शब्द मूळचा रोमकडचा, जहाजावर बसून सगळीकडे गेला. आपल्या आर्णीले कसा पोचला, ते त्यालेही माहीत नाही.

मंग मी त्याच साबणाच्या पातळ तुकड्यानं काळ्या कपड्यावर मापाची रेघ मारली, तं सारे पाहतच राह्यले. त्यायच्याकडे साबण फक्त धुवाले. मी सांगतलं, आमचे बाबाही टेलर आहेत, न्हाणीतला उरलेला साबण वाळवून जपतात, त्यानंच आखतात.

फोनवर तुम्ही सारं ठीक म्हणता, म्हणून लिहून विचारून राह्यली. आई म्हणे, तुम्ही आखाले आता लाल खडू आणला. काहून, बाबा? साबणाची रेघ आता तुम्हाले दिसत नाही का?

तुमची,
सुरभी