वाटणीला आलेलं नाक

लातूर,
१९ जानेवारी

आदरणीय सौदामिनीताईंना दीपमालाचा नमस्कार.

(वर श्री लिहिलेला नाही, तो विसरून नाही. अण्णांना जाऊन अजून दीडच महिना झाला आहे.) तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना बाजूबाजूने उतरता असं म्हणाला होतात, तो तसाच उतरत राहा, घाई करू नका. मिहिरची बदली टळली आणि मुलगा नांदेडला तुमच्याजवळच राहिला हे ऐकून बरं वाटलं. पत्र पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण तुमचा फोन हल्ली स्पीकरवर असतो. मागच्या वेळी मी तुम्हाला रक्तदाबाच्या गोळीचं विचारलं आणि उत्तर मिहिरने स्वयंपाकघरातून दिलं. आजचा विषय असा आहे की त्याचं उत्तर स्वयंपाकघरातून येऊ नये.

अण्णा गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी तुम्ही तसला गुडघा घेऊन एसटीने मुखेडला आणि तिथून ऑटोने आमच्या गावाला आलात, त्याबद्दल मी एक शब्दही बोलले नव्हते. मला तेव्हा बोलता येत नव्हतं. आलेलं प्रत्येक माणूस मला रडायला सांगत होतं, तुम्ही तेवढ्या माझ्याजवळ तासभर गप्प बसलात. बी.एस्सी.ची तीन वर्षं नांदेडला तुमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिले तेव्हाही तुम्ही असंच करायचात. दवाखान्यातून ड्यूटी करून यायचात, चहा ठेवायचात आणि काही विचारायचा नाहीत. म्हणून हे सगळं तुम्हालाच लिहिते आहे.

तर ताई, विषय माझ्या नाकाचा आहे. तुम्ही ते पाहिलेलं आहे, वर्णन करत नाही. ते अण्णांचं आहे. तसंच अण्णांच्या बहिणीचं, म्हणजे आमच्या चतुराआत्याचं. मधे उंचवटा, पुढे थोडं उजवीकडे वळलेलं. दोन वर्षांपूर्वी वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्रावर मी मुखेडला जाऊन सही केली. (भावाने, आदिनाथने, मला साडी घेतली. साडी चांगली आहे.) परत येताना अण्णा मला म्हणाले, "पोरी, शेत आदिनाथला गेलं, घर आदिनाथला गेलं, तुला निस्तं माझं नाक आलं बघ." ते हसले, मीही हसले. पण पुढे लातूरपर्यंत एसटीच्या काचेत मी तेच बघत आले. लग्नासाठी बघायला येणारी माणसं पूर्वी म्हणायची, मुलगी चांगली आहे, पण. पुढे काही म्हणायची नाहीत. लग्नाचं आता काही वाटत नाही, तो विषय मी बंद केला. पण तो ‘पण’ बंद झाला नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी टेबलावर परीक्षानळ्या लावत असते तेव्हा मुलांकडे कधी बाजू करत नाही, समोर तोंड ठेवूनच चालते. अशी आडवी चालताना दोन वेळा ॲसिडची बाटली पडली आहे.

तेव्हा मी ठरवलं की वाटणीत आपल्याला जे आलं त्याचं काय करायचं ते आपण ठरवावं. आदिनाथने रस्त्याकडचे दोन एकर विकले तेव्हा मला कुठे विचारलं होतं?

आमचं कॉलेज विनाअनुदानित, त्यामुळे दवाखान्याचा खर्च संस्था देईल हा प्रश्नच नव्हता, आणि माझा आरोग्य विमाही नव्हता. आमच्या गल्लीत अमरेश नावाचा विमा एजंट राहतो, त्याला विचारलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ताई, दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन विम्यात बसत नाही, अपघातात नाक मोडलं तर गोष्ट वेगळी. मग माझ्याकडे असा बघत राहिला की जणू आयुष्यात एकदाही धड न पडून मी निष्काळजीपणा केला होता. थोड्या वेळाने त्यालाच आशा वाटली. श्वास घ्यायला त्रास होतो का, नाकातला पडदा वाकडा असेल तर काही बघता येईल, म्हणजे आधी पॉलिसी घ्यायची, मग ठरलेली मुदत थांबायचं, मग बघायचं. मी त्या आठवड्यात मनापासून धाप लागते का ते पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत दोन दोन पायऱ्या चढून गेले. नंतर नांदेडच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं आणि म्हणाले की पडदा एकदम सरळ आहे, इतकी मोकळी हवा जाणारं नाक क्वचित पाहायला मिळतं. मला फार वाईट वाटलं.

(नांदेड अशासाठी की लातुरात डॉक्टरांच्या दारात आपले विद्यार्थी भेटतात, आणि विद्यार्थी नसले तर त्यांचे पालक भेटतात.) डॉक्टरांनी माझा बाजूने फोटो काढला, संगणकावर टाकला आणि उंचवटा पुसून दाखवला. मी बराच वेळ बघत होते. आणखी बारीक करायचं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको, घरच्यांना ओळखू आलं पाहिजे. पैशांसाठी मी स्टाफरूमच्या भिशीत नाव घातलं होतं, ती नोव्हेंबरला लागली. बाकीच्या मॅडमना मी फ्रिज घेणार असं सांगितलं. त्या दिवसापासून रोज कोणीतरी मला डबल डोअरचे फायदे सांगतं. डॉक्टरांनी वीस डिसेंबर ही तारीख दिली. अण्णांना सांगायचं म्हणून मी गावाला गेले, पण त्यांची तब्येत उतरली होती, तेलकट, तिखट सगळं बंद होतं, दोन महिने खिचडीवर काढले होते. मी काही सांगितलं नाही. उशाशी बसले आणि परत आले. आठवड्याने ते गेले.

सुतकाच्या सहाव्या दिवशी माझा फोन माजघरात चार्जिंगला लावला होता आणि मी मागे भांडी घासत होते. फोन वाजला. आमच्या उद्धवकाकांचा सत्यम, म्हणजे माझा चुलतभाऊ, मदत करावी म्हणून त्याने तो उचलला, आणि माजघरात गलका होता म्हणून स्पीकर लावला. दवाखान्यातली मुलगी फार गोड आवाजात म्हणाली की दीपमाला मॅडमच्या नाकाच्या ऑपरेशनची तारीख पक्की आहे ना, सकाळी उपाशीपोटी यायला सांगा. ताई, सहा दिवसांत पहिल्यांदा घर शांत झालं. मी हात पुसत आत आले तर वीस-पंचवीस माणसं माझ्या नाकाकडे बघत होती. त्यानंतर भेटायला येणारी माणसं आधी अण्णांच्या फोटोला हात जोडायची, मग वळून माझ्या नाकाकडे बघायची, मग पुन्हा फोटोकडे, आणि मग रडायची.

सगळ्यात जास्त लागलं ते चतुराआत्याला. आत्याने मला चुलीपाशी गाठलं.

"कामून गं? काय खोड हाय त्या नाकात?"

"काही नाही आत्या."

"काई न्हाई तर कापायली कशाला? माझं बी तसंच हाय की. मला कुणी टाकून दिलं का?"

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. (आत्याच्या यजमानांनी तिला खरंच टाकून दिलं नाही. ते बत्तीस वर्षं गावाबाहेर मळ्यात राहिले, पण त्याचं कारण वेगळं होतं.) दवाखान्यात मी फोन करून वडील वारल्याचं सांगितलं, त्यांनी पुढची तारीख दिली, पण ते मी घरात कुणाला सांगितलं नाही. लोकांना वाटलं, विषय लांबला म्हणजे मिटला. आणि मग दहावा आला.

दहाव्याच्या सकाळी फुलं कमी पडली म्हणून मीच सत्यमच्या गाडीवर मुखेडला जाऊन फुलं आणि आणखी थोडं सामान घेऊन आले. विधी तलावाच्या काठी होता. आदिनाथने पिंड ठेवले, बाजूला आत्याच्या सांगण्यावरून बेसनाचे लाडू, चहाचा कप आणि पान ठेवलं, कारण भावाला गोड लई आवडायचं असं तिचं म्हणणं होतं. सगळे मागे सरकून बसले. समोरच्या बाभळीवर एक कावळा येऊन बसला. त्याने लाडूकडे पाहिलं, आणि पंख साफ करायला लागला. अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. उद्धवकाका उठले आणि मोठ्याने म्हणाले, भाऊ, बोअर घेतो, काळजी करू नका. कावळा बसून. मग ते म्हणाले, सत्यमचं लगीन याच उन्हाळ्यात उरकतो. (सत्यमने ओशाळून मान खाली घातली, पण कावळ्याकडे मोठ्या आशेने बघत होता.) कावळा हलला नाही. आदिनाथला कुणीतरी कोपराने ढोसलं, तेव्हा तो म्हणाला की धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद मिटवतो, तीन फूट सोडतो. शेजारच्या शेताचे मालक तिथेच बसले होते, ते पटकन उठून पुढे आले आणि चार माणसांची नावं साक्षीला घेतली. कावळ्याने तोंड फिरवलं.

आता माझ्याशिवाय काही उरलं नव्हतं. उद्धवकाका ओरडले, "भाऊ, आपली दीपी नाकाचं आपरेशन करनार न्हाई!" ताई, शंभर माणसांनी आधी माझ्याकडे आणि मग कावळ्याकडे बघितलं. कावळा एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेला. लोकांत कुजबुज झाली, त्याला ते पटत होतं असं दिसलं. आत्या म्हणाली, "तिच्या तोंडून म्हनाया पायजे. तिचं नाक हाय." (हे ती पहिल्यांदाच म्हणाली.)

मला पुढे ढकललं. मी पदर सावरत पिंडापाशी गेले, वाकले, लोकांकडे पाठ होती. माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे, प्रयोगशाळेत दुसऱ्या बाकापर्यंत जात नाही. मी जे म्हणायचं ते म्हणाले, हात जोडले आणि मागे सरले. चार पावलं टाकली नाहीत तर कावळा खाली उतरला आणि त्याने घास उचलला. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. काकांनी डोळे पुसले. आत्याने मला छातीशी धरलं, तिचं नाक माझ्या गालाला टोचलं. ती म्हणाली, "माझ्या भावाचा जीव अडकला व्हता गं, सोडवलास बाई." ताई, तेव्हा मी पहिल्यांदा रडले. खूप रडले. आणि तेव्हापासून मला मोकळं वाटतं आहे. झोप लागते, भाकरी जाते, कॉलेजात परवा खिडकीकडे तोंड करून, म्हणजे मुलांकडे बाजू करून, दहा मिनिटं उभी होते, माझ्या लक्षातही आलं नाही. घरचे खूश आहेत. आदिनाथ दर रविवारी फोन करतो. नाकाचा विषय घरापुरता संपला आहे.

तुम्ही तब्येतीला जपा. मोसंबी मिळाली की पाठवीन.

तुमची,
दीपमाला

ता. क. : घरापुरता संपला आहे, असं मी वर लिहिलं. पिंडापाशी वाकून मी म्हणाले होते, "अण्णा, अकरा फेब्रुवारीला करून घेते. वाटणीत मला एवढंच आलं, त्याचं मला बघू द्या." त्यानंतर कावळा उतरला. बोअर, लग्न, धुरा यातलं काही त्याने ऐकलं नाही, हे शंभर साक्षीदारांसमोर झालेलं आहे. अकरा तारीख कायम आहे. दवाखान्यात दोन रात्री राहावं लागेल आणि कागदावर जवळच्या माणसाची सही लागते. तुमच्या घरापासून ऑटोने दहा मिनिटं आहे, जिना नाही, लिफ्ट आहे, मी पाहून आले. याल का? सहीपुढे नात्याचा रकाना आहे. तिथे काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मिहिरला फ्रिज बघायला जाते म्हणून सांगा, माझ्या कॉलेजातही मी तेच सांगणार आहे.

दुसरा ता. क. : परवा आत्याचा फोन आला होता. बाकीचं सगळं बोलून झाल्यावर तिने हळूच विचारलं की ते आपरेशन, म्हणजे तू करणार नाहीस ते माहीत आहे, पण समजा, एकाहत्तराव्या वर्षी कुणाला करायचं असलं, तर करतात का?

तिसरा ता. क. : तुमच्याशी खोटं बोलायचं नाही. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा अण्णांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, मुखेडच्या स्टँडवरचं मिरचीचं भजं. लहानपणी बाजाराला गेलो की आम्ही दोघं तिथे घरी न सांगता भजी खायचो, हे आत्यालाही माहीत नव्हतं. पथ्य आहे म्हणून मी आणलं नाही. मला ते फार लागून राहिलं होतं. दहाव्याच्या सकाळी फुलांबरोबर आणलेलं सामान म्हणजे ते भजं. पिंडापाशी वाकले तेव्हा पदराआडून मी ते पत्रावळीवर ठेवलं, आणि नाकाचं त्यानंतर बोलले. कावळ्याने तेच उचललं. तेव्हा अण्णांनी नेमकी कशाला परवानगी दिली ते मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते उपाशी गेले नाहीत, एवढं नक्की. तुम्ही अकराला सकाळी सातपर्यंत या. मला उपाशीपोटी बोलावलं आहे, तुम्ही मात्र काहीतरी खाऊन या.