शाब्बास, अगदी बरोबर

ॲबरडीन, बुधवार

प्रिय आई,

तुझे ओटकेक पोचले, एकही मोडला नव्हता. माझी काळजी करू नकोस आणि इकडे यायची घाई तर मुळीच नको. बोट सध्या फार हलते म्हणतात. गुडघा कसा आहे? मेंढ्यांकडे कोण बघतं?

मी शिकवायला जाते. नवरा हॉस्पिटलात असताना घरात एकटीने बसण्यापेक्षा बरं. मासळीच्या कारखान्यातल्या पोलिश बायकांना आपल्या रोजच्या बोलण्यातली इंग्रजी क्रियापदं शिकवते. गॉर्डन जिन्यावरून पडला त्याच आठवड्यात 'पास आउट' आणि 'कम राउंड' शिकवलं होतं, म्हणजे बेशुद्ध पडणं आणि शुद्धीवर येणं. वांडा म्हणाली, "दोन चिमुकल्या शब्दांत सगळं उरकता. सरळ बोलायला काय होतं तुम्हाला, बाई?" सगळ्या हसल्या, मीही हसले.

तेव्हापासून दर मंगळवारी ती दारातच विचारते, "हॅज गॉर्डन कम राउंड?" एक चूक नाही.

काल दुपारी डॉक्टरांनी मला बसवून सांगितलं की तो आता शुद्धीवर येणार नाही. श्वासाचं यंत्र कधी थांबवायचं ते मी सांगायचं आहे.

संध्याकाळी वांडाने विचारलं. मग मला बरं वाटावं म्हणून सगळ्यांनीच एका सुरात विचारलं. मी "शाब्बास, अगदी बरोबर" म्हणाले आणि फळ्याकडे वळले. लिहायला काही सुचेना. शेवटी वांडानेच माझ्या हातातला खडू काढून घेतला.

आई, बोट हलत असली तरी ये.

तुझी,
रोना