लिटमस दोन्हींत लाल

कोपरखैरणे,
९ ऑगस्ट १९९४

ती. ताईस,
कमळाकरचा सा. न. वि. वि.

घरी सगळे बरे. कारखान्यात मात्र बरं नाही. फरशी धुण्याचं द्रव बाटल्यांत भरणाऱ्या आमच्या राहीबाईंचे दोन्ही हात भाजले, कातडी सोलून निघाली. मालक म्हणतात, पिंपात लिंबातलंच सौम्य आम्ल आहे, बाईंनाच ॲलर्जी असेल. सगळ्यांसमोर त्यांनी लिटमस बुडवून दाखवला. लिंबाच्या आम्लात लाल, पिंपातल्यातही लालच.

मला पटत नाही. पिंपावरचं लेबल कोरं करकरीत आहे आणि भांडाराची चावी नामदेवकडे असते. लहानपणापासूनचा मित्र, पण हल्ली माझ्याशी बोलायचं टाळतो, डबाही लांब बसून खातो. यात त्याचाच हात असणार. तू शाळेत रसायनशास्त्र शिकवतेस, खरं कसं ओळखायचं ते कळव.

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझा कमळाकर

उरण,
१३ ऑगस्ट १९९४

चि. कमळाकर यास अनेक आशीर्वाद.

लिटमस एवढंच सांगतो की आम्ल आहे. ते तीव्र की सौम्य, हे त्याला कळत नाही. दहावीत तुला हे तीनदा शिकवलं होतं, तेव्हा लक्ष खिडकीबाहेर!

हातमोजे घालून थोडं द्रव काचेच्या बाटलीत घे आणि रविवारी ये. सौम्य आम्लही सोबत ठेवू, दोन्हींत आम्लाचं प्रमाण सारखं करू आणि त्यांतून बॅटरीची वीज सोडून छोटा दिवा लावू. तीव्र आम्लात दिवा लख्ख लागतो, सौम्यात मिणमिणतो.

पण पिंपात काय आहे तेवढंच यातून कळेल, ते कुणी भरलं ते नाही. नामदेवच्या आईच्या हातचं जेवून मोठा झालास. तोंड आवर.

सर्वांना आशीर्वाद. माया आहेच.
तुझी सरस्वतीताई

कोपरखैरणे,
२६ ऑगस्ट १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. तुझ्याकडे दिवा लख्ख लागलेला पाहून माझं डोकं फिरलं होतं. सोमवारी कँटीनमध्ये सगळ्यांदेखत नामदेवला म्हणालो, बाईंचे हात तूच जाळलेस, बाटलीत पुरावा आहे. तो डबा बंद करून निघून गेला.

काल फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. त्यांच्या हातात तीन आठवड्यांपूर्वीचा तक्रारअर्ज होता, खाली नामदेवची सही. लेबलं बदलायला त्याने नकार दिला, म्हणून मालकांनी ती स्वतः चिकटवली होती. तक्रारीत माझंही नाव येऊन नोकरी जाऊ नये म्हणून तो मला टाळत होता. आणि माझा आरडाओरडा मालकांच्या कानावर गेल्यामुळे पिंपं रिकामी, धुऊन ठेवलेली निघाली.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. पाणी त्यानेच आणून दिलं. त्याने एवढंच विचारलं की बाटलीत काही उरलंय का. अर्धी ताईकडे आहे म्हटल्यावर म्हणाला, मग रविवारी जाऊन आणू.

राहीबाईंची बोटं वाचतील, असं डॉक्टर म्हणतात. रविवारी आम्ही दोघं येतोय. त्याच्याशी आधी तूच बोल. मला अजून त्याच्याकडे बघवत नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा कमळाकर